ऑनलाइन एमएमए खेळातली नवी संघटना चौथ्या कार्यक्रमालाच का बसते : तपासणी आणि दुरुस्ती

एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, कुस्ती-बॉक्सिंगसारख्या अनेक प्रकारांची मिसळ असलेली लढत. तिच्या ऑनलाइन व्यवस्थापनाच्या खेळात प्रत्येक खेळाडू मॅनेजर होऊन आपला फायटर घडवतो आणि संघटनेचा मालक त्या फायटरांच्या लढती लावतो. या खेळात ज्यांनी स्वतःची लढतींची संघटना काढली, त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार एकच असते. पहिला कार्यक्रम दणक्यात होतो, दुसरा बरा होतो, तिसऱ्यात ठरवलेल्या लढतींपैकी निम्म्या लागतच नाहीत आणि चौथ्याच्या वेळी कार्डावर, म्हणजे लढतींच्या यादीत, दोन-तीन जोड्या उरतात. तिकीटविक्री घसरते, संघटनेचा हाइप (बोलबाला) उतरतो, चांगले फायटर करार संपताच दुसरीकडे जातात आणि मालकाची समजूत होते की आपल्याजवळचा पैसाच कमी पडला. मग तो आणखी पैसा ओततो, मोठ्या नावाचा एखादा फायटर महागात आणतो आणि दोन महिन्यांनी पुन्हा त्याच जागी येऊन थांबतो. या दुखण्याचे मूळ पैशात क्वचितच असते. ते वजनगटांच्या मांडणीत असते, आणि तिथे हात घातल्याशिवाय बाकीची कोणतीही दुरुस्ती टिकत नाही, असे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो आहे.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावी माझे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान आहे. पीकविमा, सातबारा, उत्पन्नाचे दाखले ही दिवसभराची कामे आटोपली की संध्याकाळी गावातली सात-आठ मुले दुकानात जमतात आणि आम्ही हा खेळ खेळतो. मुलांनी आपापले फायटर तयार केले, मी संघटना काढली आणि उत्साहाच्या भरात आठही वजनगट उघडून टाकले. गावातले आणि बाहेरच्या देशांतल्या मॅनेजरांचे मिळून चोवीस फायटर करारबद्ध केले, म्हणजे प्रत्येक गटात तीन, आणि दर शनिवारी आठ लढती होतील असे जाहीर केले. चौथ्या शनिवारी आठांपैकी तीनच लढती लागल्या. त्या रात्री स्क्रीनवर लढतीचे वर्णन ओळीओळीने येत होते, पण ते वाचायला दुकानात दोनच मुले थांबली होती. त्यांतला एक बराच वेळ गप्प बसून होता आणि शेवटी म्हणाला, "भाऊ, महिना झाला, माह्या पोट्ट्याले एकबी फाइट नाई भेटली." त्याचा फायटर ५६.७ किलोच्या गटात होता. त्या गटातला दुसरा पहिल्याच कार्यक्रमात बेशुद्ध पडून विश्रांतीवर गेला होता आणि तिसऱ्याचा मॅनेजर प्रस्तावाला उत्तरच देत नव्हता. त्या मुलाने काहीही चुकीचे केले नव्हते. रोज प्रशिक्षण लावत होता, फायटरची ऊर्जा सांभाळत होता. चूक माझ्या मांडणीत होती, आणि ती शोधण्यासाठी मी दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसलो.

आधी जोड्या मोजा

संघटनेत किती फायटर आहेत हा आकडा दिसायला मोठा असतो, पण त्यावरून काहीच कळत नाही. एका गटात किती वेगवेगळ्या जोड्या लागू शकतात हे मोजायचे असते. गटात तीन फायटर असतील तर जोड्या तीनच होतात : पहिला विरुद्ध दुसरा, पहिला विरुद्ध तिसरा, दुसरा विरुद्ध तिसरा. दर आठवड्याला एक लढत धरली तर तीन आठवड्यांत सगळ्यांच्या सगळ्यांशी लढती होऊन जातात आणि चौथ्या आठवड्यात नवी जोडीच शिल्लक राहत नाही. संघटना चौथ्याच कार्यक्रमाला का बसते याचे उत्तर इतके साधे आहे. कोणी जखमी झाले नाही, कोणी प्रस्ताव नाकारला नाही, सगळे सुरळीत चालले, तरीही ती चौथ्या कार्यक्रमाला बसणारच. शिवाय तिघांच्या गटात कोणाला तरी लागोपाठच्या आठवड्यांत लढावे लागते. ऊर्जा भरून न निघता तो फायटर उभा राहतो, हरतो, आणि त्याच्या मॅनेजरचे मन उडते.

आता तेच चोवीस फायटर दोन गटांत बारा-बारा करून ठेवून पाहा. बारा जणांच्या एका गटात ६६ जोड्या होतात, म्हणजे दोन गटांत १३२. आठ गटांत विखुरलेल्या त्याच चोवीस जणांच्या जोड्या अवघ्या २४ होत्या. माणसे तीच, पैसा तोच, पण लढती साडेपाच पट. अर्थात बाराव्या क्रमांकाच्या नवख्याला पहिल्या क्रमांकाच्या फायटरसमोर उभे करणे हा अन्याय आहे, म्हणून फक्त तीन क्रमांकांच्या अंतरातल्या जोड्याच धरा. तरीही एका गटात ३० जोड्या उरतात. पंधरा दिवसांनी एक कार्यक्रम आणि त्यात प्रत्येक गटाच्या तीन लढती असे धरले तर एकही जोडी पुन्हा न लावता वीस आठवडे निघतात. प्रत्येक फायटर एक कार्यक्रम सोडून दुसऱ्यात लढतो, म्हणजे महिन्याला साधारण एक लढत, आणि मधल्या काळात त्याला प्रशिक्षणाला आणि दुखापत भरून यायला पुरेसा वेळ मिळतो.

आमच्या भागातल्या आमदंगलीत, म्हणजे कुस्त्यांच्या जाहीर मैदानात, पंच मंडळी हेच तर करत आली आहेत. आखाड्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या मल्लांची अंगकाठी, वय, कसब पाहून ते जोड लावतात, आणि तोडीस तोड मल्ल मिळाला नाही तर कुस्ती लावत नाहीत. इनाम कितीही मोठे असले तरी जोडच नसेल तर दंगल भरत नाही, हे गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला ठाऊक आहे. संगणकासमोर बसल्यावर मला मात्र ते सुचले नव्हते.

खऱ्या एमएमएचा इतिहासही याच बाजूने बोलतो. यूएफसी या अमेरिकन एमएमए संघटनेचा पहिला कार्यक्रम १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात झाला तेव्हा वजनगट नव्हतेच, आठ जणांची बाद पद्धतीची एकच स्पर्धा होती. वजनगट आले ते फेब्रुवारी १९९७ मधल्या 'यूएफसी १२' या कार्यक्रमात, आणि तेही दोनच : २०० पौंडांखालचा एक आणि त्यावरचा एक. आज आपण गेममध्ये एका क्लिकवर उघडतो ते पुरुषांचे ५६.७ पासून १२०.२ किलोपर्यंतचे आठ गट तिथे पूर्ण व्हायला २०१२ साल उजाडले. जगातल्या सर्वांत मोठ्या संघटनेला जिथे एकोणीस वर्षे लागली, तिथे आपण पहिल्याच संध्याकाळी आठही गट उघडण्याचे काहीच कारण नाही.

गट बंद करताना

आधीच आठ गट उघडून बसलेल्यांसाठी दुरुस्तीचा हा भाग सर्वांत अवघड आहे आणि तो घाईने करू नये. कोणते दोन गट ठेवायचे हे आवडीवरून ठरवू नका. ज्या गटांत आपल्या ओळखीच्या, रोज लॉगिन करणाऱ्या मॅनेजरांचे सर्वाधिक फायटर आहेत, तेच ठेवा. आमच्याकडे ते ७०.३ आणि ७७.१ किलोचे निघाले. उरलेल्या सहा गटांतल्या प्रत्येक मॅनेजरला मी स्वतंत्र निरोप लिहिला, गट का बंद करतो आहे ते आकड्यांसह सांगितले, ज्यांची एखादी लढत लागू शकत होती त्यांना ती देऊनच मोकळे केले, आणि ज्या संघटनेत त्या गटात पुरेसे फायटर आहेत तिचे नाव सुचवले. करारातून नुसते काढून टाकणे गेममध्ये एका बटणाचे काम आहे, पण त्या बटणामागे कोणाचे तरी तीन-चार महिन्यांचे प्रशिक्षण असते. असे काढून टाकणाऱ्या मालकाला मॅनेजर विसरत नाहीत, आणि पुढे गट पुन्हा उघडायचा झाला की हीच माणसे परत यावी लागतात.

करार एकाच दिवशी संपू देऊ नका

गट दोनच ठेवूनही संघटना पुन्हा बसली, तर करारांची यादी तपासा. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना सरसकट चार लढतींचा करार दिला की सगळ्यांचे करार एकाच कार्यक्रमाच्या आसपास संपतात, आणि नेमके त्याच वेळी बाहेरच्या मोठ्या संघटना चांगल्या फायटरांना जास्त मानधन देऊ करतात. एका रात्रीत निम्मा गट रिकामा होतो. बारा जणांच्या गटात चौघांना दोन लढतींचा, चौघांना तीनचा आणि चौघांना चारचा करार द्या. एक कार्यक्रम सोडून लढणाऱ्यांचे हे करार अनुक्रमे चौथ्या, सहाव्या आणि आठव्या कार्यक्रमाच्या सुमारास संपतात, त्यामुळे एका वेळी चारांपेक्षा जास्त माणसे बाहेर पडू शकत नाहीत. नव्या कराराची बोलणी मात्र शेवटच्या लढतीनंतर सुरू करू नका. करारातली शेवटून दुसरी लढत ठरली की त्याच दिवशी मॅनेजरला विचारा, कारण जिंकल्यानंतर त्याची किंमत वाढलेली असते आणि हरल्यानंतर त्याचे मन थाऱ्यावर नसते.

प्रस्तावांना उत्तर न येण्याचे कारण बहुधा घड्याळात असते

मी सकाळी दुकान उघडल्यावर, साडेनऊच्या सुमारास लढतींचे प्रस्ताव पाठवत असे. त्या वेळी इंग्लंडमध्ये पहाटेचे चार-पाच वाजलेले असतात, ब्राझीलमध्ये रात्रीचा एक, आणि न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र झालेली असते किंवा व्हायला आलेली असते. समोरचा मॅनेजर जागा होईपर्यंत त्याच्याकडे इतर चार संघटनांचे प्रस्ताव आलेले असतात आणि आपला तळाशी जातो. रात्री दहाला पाठवलेला प्रस्ताव इंग्लंडला दुपारच्या चहाच्या वेळी, ब्राझीलला दुपारी दीडला आणि न्यूयॉर्कला दुपारी बाराच्या आसपास पोहोचतो, म्हणजे तिन्ही ठिकाणी माणूस जागा असतो. एवढ्या एका बदलाने आमच्याकडे उत्तर येण्याचे प्रमाण लगेच सुधारले.

याच्याशी जोडलेली आणखी एक अडचण वर्षातून दोनदा येते आणि दर वेळी कोणीतरी तिच्यात अडकतो. आपले घड्याळ वर्षभर तसेच राहते, पण इंग्लंडचे घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते. तिथल्या वेळेने रात्री आठला ठेवलेला कार्यक्रम आपल्याकडे मध्यरात्रीनंतर, उन्हाळ्यात साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला दिसतो. अमेरिका हाच बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी करते, त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या अखेरीस एक आठवडा या दोन देशांतले अंतरही बदललेले असते. या काळात कार्यक्रमाची वेळ लिहिताना सर्व्हरच्या घड्याळाची वेळ लिहावी आणि शेजारी आपली वेळ द्यावी. ब्राझीलने २०१९ मध्ये हा प्रकार बंद केला, तेवढे तरी सोपे झाले आहे.

आपल्या गावच्या मॅनेजरांसाठी मात्र वेगळे पंचांग पाहावे लागते. सीतादही ही वेचणीआधीची पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की घरची पोरे सकाळपासून शेतात असतात आणि संध्याकाळी त्यांच्यात मोबाइल हातात धरण्याचेही त्राण नसते. रब्बीत ज्या आठवड्यात शेतीची वीज रात्रपाळीला येते, त्या आठवड्यात हरभऱ्याच्या ओलितासाठी मुलगा रात्री अकराला मोटार सुरू करायला जातो, आणि त्याच रात्री त्याचा फायटर मुख्य लढतीत असला तर त्याला डावपेच लावायला वेळच मिळत नाही. मी आता दुकानातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर वीज कोणत्या आठवड्यात दिवसा आणि कोणत्या आठवड्यात रात्री हे लाल पेनाने लिहून ठेवतो आणि त्याच्याशी ताडूनच गावच्या मुलांच्या लढती ठरवतो. पोळा आणि तान्हा पोळा या दोन दिवशी कार्यक्रम ठेवतच नाही.

एकाच वायफायवरून खेळणाऱ्यांची खाती

ही अडचण शहरातल्या खेळाडूंना फारशी येत नाही, पण गावात हमखास येते. सात-आठ मुले एकाच दुकानाच्या वायफायवरून लॉगिन करतात तेव्हा खेळाच्या व्यवस्थापकांना ती सगळी खाती एकाच माणसाची वाटू शकतात. अशा खेळांमध्ये एकाने अनेक खाती चालवणे हा मोठा गुन्हा धरला जातो आणि खाते गोठवले जाऊ शकते. आमच्या दोन मुलांची खाती ऐन कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी गोठली होती आणि त्यांच्या लढती रद्द झाल्या. यावर उपाय म्हणजे काही घडण्याआधीच व्यवस्थापकांना स्वतःहून कळवणे की आम्ही इतके जण एका जागेवरून खेळतो, आमची नावे ही आहेत. शक्य असेल तिथे प्रत्येकाने आपापल्या मोबाइलच्या डेटावरून लॉगिन करावे. एकमेकांच्या खात्यात पैसे पाठवू नयेत, आणि कोणाचाही पासवर्ड दुसऱ्याने वापरू नये, मित्र शेतात असला तरी नाही. गावातल्या दोघांची लढत लावायचीच असेल तर ती क्रमवारीत दोघे शेजारी आले तरच लावावी, म्हणजे ती ठरवून केलेली वाटत नाही.

पैशाचा हिशेब

पैसा हे मूळ कारण नसले तरी त्याचा हिशेब बरेच जण चुकीचा करतात. फायटरला लढण्याचे मानधन आणि जिंकल्यास वेगळा बोनस, असा करार असतो. काही जण फक्त मानधन धरतात, काही जण दोघांचाही बोनस धरतात. प्रत्यक्षात एका लढतीत दोन मानधने आणि जास्तीत जास्त एकच बोनस जातो, आणि दोघांचे बोनस वेगळे असतील तर त्यातला मोठा धरावा. समजा सहा लढती आहेत, मानधन गेमच्या चलनात दोन हजार आणि बोनसही तेवढाच, तर खर्च ३६ हजारांच्या वर जाऊ शकत नाही. असे तीन कार्यक्रम एकही तिकीट न विकता पार पडतील इतकी रक्कम, म्हणजे १ लाख ८ हजार, तिजोरीत असल्याशिवाय पहिला कार्यक्रम जाहीर करू नये. मोठ्या नावाच्या फायटरवरचा खर्च त्यानंतरचा, आणि माझे स्पष्ट मत आहे की पहिल्या दहा कार्यक्रमांत तो करूच नये.

पट्टा कधी आणावा

नव्या मालकाला पट्ट्याची, म्हणजे गटाच्या विजेतेपदाची, फार ओढ असते. मलाही होती. पण पट्टा आणला की गटाचा सगळा वरचा भाग एका माणसावर अवलंबून राहतो, आणि तो माणूस लॉगिन करेनासा झाला तर गट गोठतो. यूएफसीच्या ७०.३ किलोच्या गटात हेच घडले होते. विजेता जेन्स पल्व्हर २००२ मध्ये पट्टा सोडून निघून गेला, त्या जागेसाठी बी. जे. पेन आणि काओल उनो यांची २००३ मधली लढत बरोबरीत सुटली, आणि ऑक्टोबर २००६ मध्ये शॉन शर्कने तो जिंकेपर्यंत त्या गटाला विजेताच नव्हता. म्हणून गटातल्या प्रत्येकाच्या किमान दोन लढती झाल्यावर पहिल्या दोघांमध्ये पाच फेऱ्यांची लढत लावावी, आणि करारातच लिहावे की विजेत्याने ठरावीक दिवसांत पुढचा प्रस्ताव स्वीकारला नाही तर पट्टा रिकामा धरला जाईल. आम्ही साठ दिवस ठेवले आहेत.

बंद केलेला गट पुन्हा उघडण्याचा माझा नियम असा आहे : वहीत त्या गटाच्या पानावर बारा नावे लिहिली जाईपर्यंत एकही करार करायचा नाही, आणि त्यातली निदान आठ अशा मॅनेजरांची असली पाहिजेत ज्यांनी मागच्या महिन्यात माझ्या निरोपाला उत्तर दिले आहे. ६५.८ किलोच्या पानावर सध्या नऊ नावे आहेत. महिनाभर लढतीची वाट पाहणाऱ्या त्या मुलाने आपल्या जुन्या फायटरला दुसऱ्या संघटनेत दिले, तिथे त्याच्या दोन लढती झाल्या, आणि आता या गटासाठी त्याने नवा फायटर तयार केला आहे. त्याचे नाव पानावर पाचवे आहे.